बुटक्या गाडीला साहेबांचा सायलेन्सर

आमच्या भावोजींना अख्खा बाजार मौनीबुवा म्हणतो, आणि त्यात कोणी काही वावगं बोलतं असं मला वाटत नाही. ताईशी त्यांचं लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली. त्यातली एकोणीस वर्षं मी त्यांच्या गॅरेजच्या टेबलाशी बसून फोन घेते, गिऱ्हाइकांशी बोलते आणि कुणाची गाडी कधी मिळेल ते सांगते. हे काम माझ्याकडे आलं, कारण आधी फोन ते स्वतः घ्यायचे. पलीकडचा माणूस "हॅलो, हॅलो" करून थकायचा आणि हे इकडे मान डोलवायचे. फोनवर मान डोलवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या वाट्याला आला.

भावोजी फक्त सायलेन्सर करतात. इंजिन उघडत नाहीत, ब्रेकला हात लावत नाहीत, चाकात हवा कमी दिसली तरी समोरच्या दुकानाकडे बोट दाखवतात. गाडीच्या पोटाखालून मागे जाणारी नळी आणि तिच्यावरचा तो डबा, एवढंच त्यांचं जग. त्या डब्यात आवाज कुठे अडवायचा, कुठे वळवायचा, कुठे दमवायचा हे त्यांना जितकं कळतं, तितकं स्वतःच्या घरात काय चाललंय ते कळत नाही, असं ताई म्हणते. ती बायको आहे, तिला म्हणायचा हक्क आहे. मी मेहुणी, मला जरा जास्तच आहे.

काम पुरं झालं की ते माझी परीक्षा घेतात. म्हणजे परीक्षा गाडीची, पण बसावं मला लागतं. मी रस्त्यापलीकडे जाऊन उभं राहायचं, त्यांनी हात केला की परत येऊन गाडीकडे पाठ करून बसायचं, आणि मग ते विचारणार, "चालू की बंद?" मी चुकले की त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलतं. त्याला आम्ही घरचे लोक हसू म्हणतो. मग ते खिशातून बोटभर लांबीचा पोलादी ठसा काढतात, सायलेन्सरच्या कडेला टेकवतात आणि हातोडीचा एकच घाव घालतात. एक वर्तुळ आणि आत टिंब. मी बरोबर ओळखलं तर ठसा खिशातच राहतो आणि गाडी पुन्हा दुरुस्तीच्या खड्ड्यावर जाते. एकोणीस वर्षांत बिनठशाची गाडी आमच्या दारातून बाहेर पडली नव्हती.

त्यांची आणखी एक खोड आहे. काढलेला जुना सायलेन्सर ते त्याच दिवशी उभा चिरतात, सपाट करतात आणि भंगारात टाकतात. एकदा कुणीतरी त्यांचाच टाकून दिलेला डबा रंगवून, ठशासकट, तिसऱ्याच गाडीला बसवला होता. तो महिनाभरात फाटला आणि बोलणी भावोजींना बसली. तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. पट्ट्या, नट, बोल्ट मात्र फेकत नाहीत. ते सगळं एका पत्र्याच्या डब्यात जातं, कधीतरी लागेल म्हणून.

तर त्या दिवशी सकाळी बाहेर असा काही गडगडाट झाला की समोरचा हवावाला धावत रस्त्यावर आला. आत आली ती एक हिरवी, दोन माणसांची, जुनी स्पोर्ट्स कार. एवढी बुटकी की टेबलावरून मला तिचं फक्त छप्पर दिसत होतं. मला वाटलं आतून एखादा केस उडवणारा पोरगा उतरेल. उतरल्या साठीच्या एक बाई, हातात पुस्तकांची पिशवी, चष्म्याला दोरी. त्यांना गाडीतून बाहेर यायलाच मिनिटभर लागलं. आधी पाय, मग पिशवी, मग त्या.

"सायलेन्सर गळून पडलाय," त्या म्हणाल्या. "ही गाडी आता निघत नाही, सुटे भाग कुठेच मिळत नाहीत. चार ठिकाणी विचारून आले. तुम्ही काही करू शकाल का?"

भावोजींनी खाली वाकून बघितलं आणि मान डोलवली.

"मला फक्त आधीसारखा करून द्या," बाई म्हणाल्या. "आधी होता तसा."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. भावोजींनीही ऐकलं. पण आधीसारखा करून द्या असं दर दुसरं गिऱ्हाईक म्हणतं, आणि भावोजी दर वेळी आधीपेक्षा चांगला करून देतात. त्यात त्यांनाही आणि मलाही काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आम्हाला ती कळायला फार उशीर झाला, तुम्हाला तरी वेळेवर कळू दे.

या बाईंचे यजमान म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलवाले मास्तर. गावातल्या अर्ध्या लोकांना क्लच सोडायला त्यांनी शिकवलं. दिवसभर शिकाऊ लोकांच्या हातचे धक्के खाणारी गाडी, आणि रविवारी ही हिरवी, स्वतःच्या हौसेची. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली. उजवी बाजू अधू झाली, बोलणं गेलं. तीन शब्द उरले: "हो", "नको" आणि "गिअर". वहिनी, म्हणजे त्या बाई, रोज सकाळी ग्रंथालयात अर्धा दिवस काम करायला जातात आणि सव्वाच्या सुमारास परत येतात. तेवढा वेळ मास्तर घरात एकटे खुर्चीत असतात. खालच्या कोपऱ्यावर गाडी वळली की त्यांना आवाज ओळखू यायचा. मग गाडी चढ चढून येणार, मागच्या शेडमध्ये लागणार, वहिनी पिशव्या काढणार, वळसा घालून पुढच्या दारी येणार. एवढ्या चार मिनिटांत मास्तर वॉकर धरून उठायचे, अकरा पावलं चालायचे आणि आतली कडी काढून वहिनींसाठी दार उघडायचे. दिवसभरात त्यांच्या हातून होणारं हे एकच काम. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे चालणं सुटलं तर महिन्याभरात पाय कायमचे जातील. वहिनींकडे मागच्या दाराची किल्ली होती, पण सकाळी पुढची कडी मुद्दाम आतून लावूनच त्या मागून बाहेर पडायच्या.

एवढं सगळं त्या जुन्या, गंजक्या डब्यावर टांगलेलं होतं आणि आम्ही मात्र कामाला लागलो होतो.

भंगारवाल्याकडे भावोजींनी अर्धा दिवस घालवला. स्पोर्ट्स कारचा सायलेन्सर तर नव्हताच. शेवटी त्यांनी निवडला तो एका लांबलचक काळ्या गाडीचा. कुणा बड्या साहेबांची होती ती. साहेब मागच्या सीटवर झोपायचे आणि झोप मोडू नये म्हणून गाडीचा श्वासही ऐकू येणार नाही असा सायलेन्सर तिला होता. लंबगोल, जाडजूड, आतून कापूस भरल्यासारखा ठोस. भावोजींनी तो बोटांनी ठोकून पाहिला आणि अंगावरच्या कोटाने पुसला. ताईच्या हातात पहिल्यांदा बाळ दिलं होतं तेव्हासुद्धा त्यांनी एवढ्या जपून हात लावला नव्हता.

पण बसवायचा कुठे? हिरवी गाडी जमिनीपासून चार बोटांवर. मूळ डबा होता बारीक, लांब, एका कडेला पहुडलेला. तिथे साहेबांचा डबा लावला असता तर पहिल्याच गतिरोधकाला रस्त्यावर राहिला असता. भावोजी खड्ड्यात उतरले आणि गाडीच्या पोटाकडे बघत तासभर बसून राहिले. मी वरून दोनदा विचारलं, जिवंत आहात ना. दुसऱ्या वेळी हात वर आला. मागच्या चाकांच्या पाठीमागे, डिकीच्या खाली एक पोकळी होती. तिथे डबा आडवा बसत होता, जेमतेम, दोन्हीकडे बोटभर जागा ठेवून.

मग नळीचा प्रश्न आला. डब्याचं तोंड नेमकं उलट्या बाजूला होतं. भावोजींनी नवी नळी घेतली, वाळू चुलीवर भाजून कोरडी केली, नळीत ठासून भरली, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं ठोकली आणि मग ज्योत लावून हळूहळू वाकवली. वाळू नसेल तर नळी वळणावर चपटी होते आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. साहेबांची नळी दोन बोटं रुंद, हिरवीची अरुंद. म्हणून रुंद नळीच्या टोकाला चार चिरा दिल्या, पाकळ्या आत वळवल्या आणि चिरा वेल्डिंगने बुजवल्या. तीन दिवस गेले. ते माझ्याशी या तीन दिवसांत एकूण सहा शब्द बोलले असतील.

त्यातले दोन मला आठवतात, कारण पुढे तेच कामी आले. जुना सायलेन्सर लोखंडी पट्ट्यांनी बांधलेला होता. त्यातली पुढची पट्टी काढताना त्यांनी ती उजेडात धरली. गंजलेल्या पट्टीवर एकच जागा घासून घासून चकचकीत झाली होती.

"हे कशाने झालं?" मी विचारलं.

"गिअर उशिरा," ते म्हणाले आणि पट्टी पत्र्याच्या डब्यात टाकली.

मग मला टेबलाच्या मागे उभं राहून हाताने थरथर करून दाखवली, तेव्हा मला उलगडा झाला. चढावर वेळेत खालचा गिअर टाकला नाही की इंजिन रडकुंडीला येतं, सगळी गाडी थरथरते आणि नळी त्या पट्टीवर आपटत राहते. भावोजींनी पट्ट्यांना फाटा दिला आणि साहेबांचा डबा चार रबरी कड्यांवर टांगला. आता हादऱ्याचं हूं की चूं ऐकू येणार नव्हतं. जुना डबा चिरला, सपाट केला, भंगारात गेला.

चौथ्या दिवशी मी रस्त्यापलीकडे जाऊन आले आणि पाठ करून बसले.

"चालू की बंद?"

मी कान टवकारले. हवावाल्याचा पंप ऐकू येत होता. कुठेतरी कुणीतरी शिंकलं. "बंद," मी म्हटलं.

मागे वळले तर भावोजी तळहात नळीच्या तोंडासमोर धरून उभे होते आणि त्यांच्या बाहीचं बटण वाऱ्याने हलत होतं. गाडी चालू होती. मिशीखाली एवढं हसू मी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. त्यांनी ठसा मारला. वहिनी आल्या, गाडी सुरू केली, पुन्हा किल्ली फिरवायला गेल्या, मग कळलं की ती सुरूच आहे.

"अगदीच आवाज नाही हो," त्या म्हणाल्या.

"आमचे भावोजी तसंच करतात," मी म्हटलं. फुशारकी मारायची संधी मी सोडत नाही. वहिनी काहीतरी बोलणार होत्या, पण भावोजींच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी ते गिळलं. आज मला त्याचं वाईट वाटतं. आम्ही दोघं एवढी खूश होतो की त्या बिचारीला तोंड उघडायला जागाच ठेवली नाही.

पाच दिवसांनी दुपारी फोन आला. वहिनींचा आवाज ओळखूच येईना. पहिल्या दिवशी त्या दारात उभ्या राहिल्या आणि दार बंद. हाक मारली तेव्हा आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मास्तरांना दारापर्यंत यायला वेळ लागला आणि ते ओशाळले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पायरीवर वहिनींची चप्पल वाजल्याबरोबर मास्तर घाईने उठले आणि पडले. गुडघा सुजला, हाड वाचलं. वहिनींनी मागच्या दाराने धावत जाऊन शेजाऱ्याच्या मदतीने त्यांना उचललं. त्यानंतर मास्तर उठायलाच तयार नव्हते. तोंड भिंतीकडे करून बसत होते.

"हॉर्न वाजवून बघा ना कोपऱ्यावर," मी म्हटलं.

"तेही केलं. रस्त्याने जाणारा प्रत्येकजण हॉर्न वाजवतो. ते दर हॉर्नला दचकायला लागले. आणि हॉर्न म्हणजे मी त्यांना बोलावणं झालं. ते बोलावल्यावर उठणारे नाहीत. स्वतःहून उठायचे." मग त्या म्हणाल्या, "तुमची काही चूक नाही. तुम्ही काम फारच चांगलं केलंय. तो जुना सायलेन्सर मला परत मिळेल का, तेवढं सांगा. फाटका असला तरी चालेल."

भावोजींना सांगितलं तेव्हा ते खड्ड्यात होते. ते वर आले, हात पुसले आणि मागच्या अंगणात गेले. तिथे भंगाराची जागा रिकामी होती. भंगारवाला आदल्या दिवशीच येऊन गेला होता.

संध्याकाळी आम्ही घरी गेलो. भावोजींची स्कूटर त्यांच्याच हातची, म्हणजे ती येते ते कुणाला कळत नाही. ताई ओट्याशी होती, भावोजी मागे जाऊन उभे राहिले आणि तिच्या हातून पळी पडली.

"सव्वीस वर्षं सांगतेय, मांजरासारखं येऊ नका," ताई करवादली. "खोकत तरी जा. तुम्ही येताय हे कळलं असतं तर चहा टाकून ठेवला नसता का? रोज तुम्ही येऊन बसता आणि मग मी आधण ठेवते."

हे आम्ही हजारदा ऐकलेलं. पण त्या दिवशी भावोजी तिथेच पाटावर बसले आणि म्हणाले, "मला कधी सुचलंच नाही." ताईने माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याने एका दमात चार शब्द बोलावेत याची तिला सवय नव्हती. मी तिला सगळं सांगितलं. तिने चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद ठेवून आम्ही मास्तरांच्या घरी गेलो, वेल्डिंगचं सामान, ग्राइंडर, जॅक, सगळं घेऊन. घर चढाच्या मधोमध, समोर तीन पायऱ्या. खोलीत एक खुर्ची, एक पलंग, भिंतीवर गाड्यांच्या किल्ल्या टांगायची फळी, तिच्यावर आता एकच किल्ली. मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मोठ्या अंगाचे, नीट दाढी केलेले. भावोजींनी त्यांच्यासमोर जाऊन हात जोडले. दोन न बोलणारे पुरुष एकमेकांकडे बघत राहिले, आणि मध्ये मी कानकोंडी होऊन उभी.

"मास्तर," मी म्हटलं, "आधीचा आवाज फक्त तुम्हाला ठाऊक आहे. आम्ही करून बघतो. तुम्ही सांगा."

ते वळले नाहीत. पण "नको"ही म्हणाले नाहीत.

भावोजींनी गाडी खिडकीखाली आणली, साहेबांचा डबा उतरवला, ग्राइंडरने त्याचं पोट उघडलं आणि आतला आवाज अडवणारा एक पत्र्याचा पडदा काढून टाकला. स्वतःच्या ठशाशेजारीच त्यांनी तो कापला. मला बघवेना. पुन्हा जोडून, गाडी सुरू करून त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला. गाडी गुरगुरली.

"नको," आतून आवाज आला.

आणखी एक पडदा काढला. आता आवाज जरा भरदार झाला. "नको." नळीचं टोक वीतभर कापलं. वहिनी खिडकीशी उभ्या राहून बघत होत्या, त्यांनी दोन्ही हातांनी गज धरले होते. "नको." दुपार झाली. भावोजींच्या कपाळाची शीर दिसायला लागली. चौथ्यांदा त्यांनी इंजिन एवढं रेटलं की शेजारच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला, आणि आतून वेगळाच शब्द आला.

"गिअर."

मी चरफडले. गाडी जागच्या जागी उभी होती. उभ्या गाडीला कसला आलाय गिअर? मला वाटलं मास्तर कंटाळले, त्यांच्याकडे शब्दच तीन, त्यातला उरलेला वापरला. मी भावोजींना तसं म्हणायला वळले तर त्यांनी इंजिन बंद केलं होतं आणि ते माझ्याकडे एकटक बघत होते.

"पट्टी," ते म्हणाले.

मी काही विचारायच्या आत त्यांची स्कूटर उताराला लागली होती, नेहमीसारखी, आवाज न करता. अर्ध्या तासाने परत आले ते पत्र्याचा अख्खा डबा पायाशी ठेवूनच. अंगणात फडकं अंथरून त्यांनी तो उपडा केला आणि नटबोल्टांच्या ढिगातून ती गंजकी पट्टी काढली. चकचकीत झालेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"वहिनी," मी विचारलं, "तुम्ही खालच्या कोपऱ्यावर गिअर उशिरा टाकता का हो?"

वहिनी लाजल्या. साठीच्या बाईला एवढं लाजताना मी पाहिलं नव्हतं. "लग्नाआधी यांच्याकडेच शिकायला जात होते," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून तिथे माझा दुसरा गिअर उशिरा पडतो. हे रोज म्हणायचे. अजून म्हणतात. दार उघडलं की पहिला शब्द तोच."

मग सगळं लख्ख झालं. मास्तर सायलेन्सर ऐकत नव्हतेच. रस्त्याने गुरगुरणाऱ्या गाड्या दिवसाला शंभर जात असतील. ते ऐकत होते तो गिअर न टाकल्यामुळे होणारा थरथराट आणि त्या थरथराटात वाजणारी पट्टी. ती वाजली म्हणजे चाक वहिनींच्या हातात आहे. भावोजींच्या चार रबरी कड्यांनी नेमकं तेच गिळून टाकलं होतं.

भावोजींनी पुढची दोन रबरं काढली, पट्टी जुन्या जागी आणली आणि तिचा बोल्ट अर्धाच पिळला. मी त्यांना ओळखते. अर्धा पिळलेला बोल्ट दिसला तर ते परक्याच्या गाडीखाली झोपून तो घट्ट करतील. त्या बोल्टवरून त्यांचा हात दोनदा मागे आला आणि दोनदा पुन्हा पुढे गेला. शेवटी त्यांनी पाना खिशात घातला. पोट कापताना जुना ठसा अर्धा उडाला होता, उरलेला त्यांनी कानशीने घासून टाकला.

"नवीन मारा की," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. वाजणाऱ्या कामावर ते आपली खूण ठेवणार नव्हते.

त्या दिवशी मास्तरांना ऐकवलं नाही. भावोजींचंच म्हणणं, दाखवण्यापुरती फेरी नको. दुसऱ्या दिवशी वहिनी नेहमीसारख्या ग्रंथालयात गेल्या. मास्तर पडल्यापासून कुणाला तरी सोबत बसावं लागत होतं, म्हणून मी वाटाणे सोलायला घेऊन त्यांच्या खोलीत बसले. मला सक्त ताकीद होती की काही झालं तरी उठायचं नाही. भावोजी शेडपाशी थांबले होते.

मास्तर भिंतीकडे तोंड करून बसले होते. गुडघ्याला पट्टा, वॉकर हाताच्या अंतरावर, चार दिवसांत त्याला कुणी हात लावलेला नव्हता. एक वाजला. एक वाजून दहा मिनिटं झाली. एक गाडी गेली, एक टेम्पो गेला. कुणीतरी हॉर्न मारला आणि मास्तरांचे खांदे उडाले. मला ताईची आठवण आली, तिची पळी रोज पडते ती.

मग खाली कोपऱ्यावर काहीतरी गुरगुरलं. मास्तर हलले नाहीत. माझ्या मनात आलं, गेलं सगळं पाण्यात. गुरगुर चढाला लागली, जड झाली, धापा टाकायला लागली, आता तरी गिअर टाका हो वहिनी असं मलाच वाटायला लागलं, आणि तेवढ्यात ती पट्टी वाजायला लागली. खर्रर्र, टण, खर्रर्र. मग गिअर पडला आणि थांबली.

मास्तरांनी मान वळवली. त्यांचा डावा हात खुर्चीवरून उठला आणि वॉकरवर गेला. पहिल्या खेपेला उठता आलं नाही. दुसऱ्या खेपेला आलं. एक पाऊल, दोन, तीन. दुखरा पाय टेकताना त्यांचा ओठ वाकडा होत होता. मी वाटाण्याची शेंग मुठीत धरून बसले, माझेच पाय शिवशिवत होते. सातव्या पावलाला ते थांबले. मागे शेडचं दार लागल्याचा आवाज आला. ते पुन्हा निघाले. आठ, नऊ. अकराव्या पावलाला डावा हात कडीवर पोचला. कडी जरा घट्ट होती, त्यांनी ती दोनदा ओढली.

दार उघडलं तेव्हा वहिनी शेवटच्या पायरीवर होत्या, पिशवी एका खांद्यावर. त्या तिथेच थांबल्या.

"गिअर," मास्तर म्हणाले.

"हो," वहिनी म्हणाल्या. "उद्या वेळेवर टाकते."

वॉकरला धरूनच मास्तर बाजूला झाले आणि त्यांना आत येऊ दिलं. वहिनींनी पिशवी खाली ठेवली आणि बराच वेळ पाठमोऱ्या राहून चपला काढत होत्या. मी वाटाणे घेऊन मागच्या दाराने सटकले. रडू मला येत होतं, आणि ते त्यांच्या घरात रडायचं काही कारण नव्हतं.

शेडमध्ये भावोजी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, कडीचा आवाजसुद्धा. त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला, खाली गोणपाट टाकलं आणि पाठीवर पडून त्या बुटक्या गाडीखाली सरकले. फक्त हात बाहेर आला. तो काय मागतोय ते मला कळलं. कोटाच्या खिशातून मी ठसा काढून दिला, मग हातोडी.

"भावोजी," मी म्हटलं, "हा तर वाजतोय."

"वाजू दे," ते म्हणाले, आणि हातोडीचा एकच घाव घातला.